पत्र्याची भांडी आणि पवित्र पाणी

लष्करातला पाद्री म्हणजे तोफेवर पवित्र पाणी शिंपडणारा सरकारी नोकर, हे मत आपल्या सुशिक्षितांत इतकं रुळलं आहे की त्याला कुणी पुरावाही मागत नाही. पूर्वपक्ष लेचापेचा नाही, हे आधीच कबूल करतो. सरकार या माणसाला गणवेश, हुद्दा आणि पगार देतं. त्याने शिपायांचा धीर टिकवायचा, म्हणजे ते पुन्हा लढायला उभे राहतील. आपल्या सैन्यातही पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री असतात. हाच आक्षेप त्यांच्यावरही घेता येईल.

पण मत माणसावर घासून पाहावं. अमेरिकी लष्करातले पाद्री, फादर एमिल केपॉन घ्या. जन्म १९१६ चा, कॅन्ससमधल्या पिल्सन गावी, चेक वंशाच्या शेतकऱ्याच्या घरी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रह्मदेशात आणि भारतातही त्यांनी ही नोकरी केली. १९५० च्या जुलैत ते युद्ध पेटलेल्या कोरियात उतरले.

त्याच वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला उन्सानजवळ चिनी फौजेने त्यांच्या पलटणीला वेढलं. निसटायची संधी असून ते जखमींपाशी थांबले आणि पकडले गेले. घोटा फुटलेल्या हर्बर्ट मिलर या सार्जंटवर एका चिनी शिपायाने बंदूक रोखली होती. फादरांनी ती बाजूला सारली आणि मिलरला उचलून चालू लागले. २०१३ मध्ये त्यांना मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर मिळालं. त्यांचे भक्त नेमके इथेच थांबतात आणि विरोधकांच्या हाती कोलीत देतात: बघा, शेवटी रणवीरच!

माझा मुद्दा त्यानंतर सुरू होतो. यालू नदीकाठी प्योकटोंगच्या कैद्यांच्या छावणीत हुद्द्याला किंमत नव्हती, पगार पोचत नव्हता आणि ज्यासाठी धीर टिकवायचा ती लढाईही उरली नव्हती. पाद्री युद्धयंत्राचं चाक असता तर इथे थांबायला हवा होता. फादरांचं काम इथे वाढलं. घाण पाण्याने हगवण लागून माणसं मरत होती. शेतकऱ्याचा हा मुलगा छपराचा पत्रा शोधून आणी, दगडाने ठोकून त्याची भांडी करी आणि त्यांत बर्फ वितळवून पाणी उकळी. आजाऱ्यांचे घाण झालेले कपडे धुई, अंगावरच्या उवा वेची. आणि धान्य चोरी. निघण्यापूर्वी संत डिस्मसची प्रार्थना. येशूशेजारी क्रुसावर चढवलेला, शेवटच्या घटकेला पालटलेला तो चोर. ‘चोरी करू नको’ शिकवणाऱ्याचं हे पाप मला त्यांच्या पदकाहून मोठं वाटतं.

कुणी म्हणेल, कैद हा अपवाद झाला. तसं नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार शत्रूच्या हाती सापडलेला पाद्री युद्धकैदी मानला जात नाही. कैद्यांच्या सेवेसाठी त्याला ठेवून घेतात. छावणीतली सेवा हा त्याच्या कामाचाच भाग, असं खुद्द कायदा मानतो. प्योकटोंगात तो कुणी पाळत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

दुसरा आक्षेप असा की चर्चने त्यांना कम्युनिस्टविरोधी हुतात्मा बनवलं. प्रचारात तसा सूर लागलाही असेल, पण रोमचा निर्णय तपासा. २०२५ च्या फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ‘आदरणीय’ (संतपदाच्या वाटेवरची एक पायरी) ठरवलं ते हुतात्मा म्हणून नव्हे. दुसऱ्यांसाठी स्वतःचा जीव देणाऱ्यांकरिता २०१७ मध्ये जी वेगळी वाट काढली, तिच्यातून.

२३ मे १९५१ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ते गेले. चिनी ज्याला इस्पितळ म्हणत आणि कैदी ज्याला मरणघर म्हणत, त्या खोपटात. पुढे छावणीत जेराल्ड फिंक नावाचा वैमानिक आला. धर्माने ज्यू, त्याने फादरांना कधी पाहिलंही नव्हतं. कैद्यांच्या तोंडून हकिकती ऐकून, मूर्ती कोरायला मनाई असलेल्या धर्मातल्या या माणसाने सरपणाच्या लाकडातून क्रुसावरचा ख्रिस्त कोरला.