गोलघर : न भरलेले कोठार

पाटण्यास गांधी मैदानाच्या पश्चिमेला, एखाद्या अजस्र स्तूपासारखी दिसणारी एक वास्तू आहे. लोक तिला गोलघर म्हणतात. नवख्या यात्रेकरूने बौद्धांचे स्थान समजून हात जोडले, तर नवल नाही. पण हे आहे धान्याचे कोठार. त्यावरील लेख मोठा बोलका आहे. दुष्काळाच्या कायमच्या निवारणासाठी आखलेल्या योजनेचा भाग म्हणून, २० जानेवारी १७८४ च्या हुकुमान्वये, कॅप्टन जॉन गार्स्टिन या इंजिनिअराने हे कोठार बांधले व २० जुलै १७८६ रोजी पुरे केले, असे तो सांगतो. पुढे, ते प्रथम कोणी भरले व समारंभपूर्वक बंद केले, हे कोरावयाचे होते. ती जागा अद्याप कोरी आहे. लेखाच्या माथ्यावर ‘क्रमांक १’ असा आकडा आहे. क्रमांक २ कधी झालाच नाही.

हा हुकूम वॉरन हेस्टिंग्जच्या कारकिर्दीतला. १७७० च्या दुष्काळात बंगाल-बिहारची निदान तृतीयांश प्रजा नाहीशी झाली, असे त्यानेच १७७२ मध्ये विलायतेस कळविले होते. आणि १७७१ चा वसूल १७६८ पेक्षाही अधिक झाला, हेही त्याच पत्रात नमूद केले होते. ही दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. पुढे १७८३ मध्ये उत्तर हिंदुस्थानात पुन्हा अवर्षण पडले, तेव्हा कोठाराची कल्पना निघाली. १७८५ त हेस्टिंग्ज मायदेशी परतला.

बांधकाम मात्र नामी आहे. उंची ९६ फूट, पायाशी भिंतीची जाडी १२ फूट, आत एकही खांब नाही. बाहेरून दोन नागमोडी जिने शिखरापर्यंत जातात. हमालांनी पोती घेऊन एका जिन्याने चढावे, माथ्यावरील भोकातून धान्य ओतावे व दुसऱ्याने उतरावे, अशी योजना. नेपाळचा जंगबहादूर या जिन्यावरून घोडा घेऊन चढला, असे सांगतात. खालची दारे आत उघडतात, म्हणून कोठार पुरते भरताच येत नाही, ही थट्टाही पाटण्यात ऐकू येते. बिचाऱ्या इंजिनिअरावर ती फार झाली. दोष दारांचा नव्हे, हिशेबाचा होता. कोठाराची क्षमता सुमारे १,४०,००० टन सांगतात. माणशी रोज अर्धा किलो धरले, तर साडेसात लाख माणसांचे ते वर्षाचे अन्न. प्रांताची प्रजा कोट्यवधी! शिवाय एवढे धान्य सुकाळात कोणी, कोणत्या पैशाने विकत घ्यावे, आणि टंचाईत पाटण्याहून खेडोपाडी कसे पोहोचवावे, याविषयी तो लेख अक्षरही काढीत नाही.

आपल्याकडे पन्हाळगडावरच्या अंबरखान्यात गंगा, यमुना व सरस्वती अशी तीन कोठारे आहेत. तेथेही जिन्याने छतावर चढून भोकांतून धान्य सोडीत. पण ते कोठार गडाच्या शिबंदीसाठी होते. धान्य कोणासाठी साठवावयाचे व ते कोणी खावयाचे, हे तेथे ठरलेले होते.

गोलघराचा उद्देश बिहारात एकदा साधला, तोही गोलघरावाचून. १८७३-७४ च्या टंचाईत सर रिचर्ड टेंपल याच्या देखरेखीखाली सरकारने सुमारे साडेचार लाख टन तांदूळ, बहुतांशी ब्रह्मदेशातून, आणवून वाटला, आणि भूकबळी फारच थोडे पडले. त्याबद्दल टेंपलला शाबासकी मिळाली नाही; उधळपट्टीचा ठपका आला. १८७७ मध्ये तोच गृहस्थ मद्रास व मुंबई इलाख्यांच्या दुष्काळासाठी पाठविला गेला, तेव्हा त्याने धडा घेतला होता. दुष्काळी कामावरच्या मजुराची रोजी त्याने पौंडभर धान्याच्या हिशेबावर आणून ठेवली. दख्खनमध्ये माणसे मरत असतानाच हिंदुस्थानचा गहू जहाजांतून विलायतेस चालला होता.