थायरॉईड काढून टाकल्यावर रोजच्या गोळीला पर्याय आहे का?

लातूर आणि नांदेड ही शहरं 'नीट'च्या क्लासेससाठी ओळखली जातात. गावाकडून येऊन खोली करून राहणाऱ्या एखाद्या मुलीची थायरॉईड ग्रंथी ऑपरेशन करून काढली असेल, तर तिच्या पहाटेच्या वेळापत्रकात आणखी एक काम वाढतं. उपाशीपोटी लेव्होथायरॉक्सिनची गोळी. रोज आणि कायमची. घरच्यांचे प्रश्न इथूनच सुरू होतात. आयुष्यभर गोळी? लग्नाच्या वेळी काय सांगायचं? दुसरं काहीच नाही का? मग मोबाईलवर उत्तरं सापडतात: धण्याचं पाणी, कांचनार गुग्गुळ, उज्जायी प्राणायाम, आणि 'थायरॉईड मुळापासून बरा' करणारे व्हिडिओ.

ग्रंथी पूर्ण काढली असेल, तर खरं उत्तर 'नाही' असंच आहे. हे सगळे उपाय ग्रंथीला 'चालना' देण्याचा दावा करतात. पण इथे ग्रंथीच नाही. मोटार काढून नेलेल्या विहिरीवर स्टार्टर दाबून पाणी येत नाही. आयोडीनयुक्त मीठ वाढवूनही उपयोग नाही, कारण आयोडीन वापरून हार्मोन बनवणारा अवयवच उरलेला नसतो.

मग काहींना फरक का वाटतो?

गोळीतलं हार्मोन शरीरात हळूहळू संपतं. त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण सात दिवस लागतात. त्यामुळे गोळी बंद करून काढा सुरू केला, तर पहिले काही दिवस काहीच बिघडत नाही. 'बघा, गोळीशिवायही चाललं' असं वाटतं, आणि तसा मेसेज पुढे पाठवलाही जातो. त्यानंतरच्या आठवड्यांत थकवा, सूज, बद्धकोष्ठता, अनियमित पाळी आणि अभ्यासात लक्ष न लागणं सुरू होतं. दोष मात्र परीक्षेच्या ताणाला दिला जातो. गोळी दीर्घकाळ बंद राहिली, तर जिवावरही बेतू शकतं.

गोळी नसताना काय व्हायचं, याची नोंद इतिहासात आहे. स्वित्झर्लंडमधले सर्जन थिओडोर कोखर यांनी १८७४ मध्ये एका ११ वर्षांच्या मुलीची पूर्ण ग्रंथी काढली होती. काही वर्षांनी तिची धाकटी बहीण तिच्यापेक्षा उंच झाली होती. हिची वाढ खुंटली होती, बुद्धीही मंदावली होती. जुने रुग्ण पुन्हा तपासल्यावर कोखर यांनी १८८३ मध्ये हा धोका जाहीरपणे मांडला. थायरॉईडवरच्या कामासाठी त्यांना १९०९ मध्ये नोबेल मिळालं. त्याआधी, १८९१ मध्ये, इंग्लंडच्या जॉर्ज मरे यांनी थायरॉईड काम करत नसलेल्या एका महिलेला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला होता. त्या उपचारावर ती पुढे २८ वर्षं जगली. आजची गोळी म्हणजे तेच हार्मोन, फक्त कारखान्यात बनवलेलं आणि मोजून दिलेलं.

निवड असते ती ऑपरेशनच्या आधी

गाठ एकाच बाजूला आणि कमी धोक्याची असेल, तर काही वेळा अर्धीच ग्रंथी काढता येते. उरलेली अर्धी बहुतेकांना पुरते. साधारण पाचातल्या एकाला पुढे गोळी लागते. 'अर्धी ठेवता येईल का?' हा प्रश्न सर्जनला आधीच विचारायला हवा. अर्थात दरवेळी ते शक्य नसतं. मुलांमधला पॅपिलरी कॅन्सर अनेकदा मानेतल्या लसीका ग्रंथींपर्यंत पोचलेला असतो, आणि नंतर रेडिओआयोडीन द्यायचं असेल तर पूर्ण ग्रंथी काढावी लागते. त्या उपचाराआधी काही आठवडे गोळी थांबवतात. ऐकणाऱ्यांचा गोंधळ इथेच होतो. ते थांबवणं ठरवून, देखरेखीखाली आणि थोड्या दिवसांचं असतं.

डुकराच्या ग्रंथीची पावडर काही देशांत अजून मिळते, पण तिच्यातलं टी-३ आणि टी-४ यांचं प्रमाण माणसापेक्षा वेगळं असतं. टी-३ची वेगळी गोळी मोजक्या रुग्णांना जोडून देतात. ब्रसेल्सच्या संशोधकांनी २०१२ मध्ये मूळपेशींपासून थायरॉईडच्या पेशी घडवल्या आणि त्या उंदरांत चालल्याही. नांदेड किंवा लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत मिळेल असा हा उपचार अजून नाही.

गोळीचा खरा त्रास

तो गोळी घेण्याच्या पद्धतीत आहे. गोळीनंतर अर्धा ते एक तास चहा नको. ऑपरेशननंतर कॅल्शियम चालू असेल, तर दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. लोहाच्या गोळीचंही तेच. लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ, त्यामुळे हेही सांगायला हवं: सोयाबीन खायला हरकत नाही, पण गोळीच्या जवळपास नको. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासतात.

लग्नाबद्दल बोलायचं तर, हार्मोन ताब्यात असेल तर गरोदरपणाला ही गोळी आड येत नाही. उलट दिवस गेल्यावर डोस वाढवावा लागतो, म्हणून डॉक्टरांना लगेच कळवायचं असतं. सासरपासून गोळी लपवणाऱ्या मुलीची गोळी नेमकी याच काळात चुकण्याची भीती असते.

आणि मराठवाड्याचा उन्हाळा. पारा चाळिशीपार गेला की पत्र्याच्या खोलीत ही गोळी खराब होऊ शकते. डबी खिडकीत किंवा गॅसजवळ न ठेवता घरातल्या सर्वात थंड, कोरड्या कोपऱ्यात ठेवावी.