उंदरांची देवी

आमच्या पिढीतील बहुतेकांच्या दंडावर देवीच्या लसीचा गोल वण आहे. नातवंडे त्याविषयी कुतूहलाने विचारतात, कारण हा रोग त्यांना ठाऊकच नाही. परंतु देवीसारखा रोग शरीरात कसा पसरतो, हे पुष्कळ अंशी उलगडले ते प्रयोगशाळेतील उंदरांमुळे. त्या उंदरांनाही त्यांची स्वतःची देवी आहे, आणि ती हुडकून काढण्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

1930 साली लंडनमधील हॅम्पस्टेड येथील राष्ट्रीय वैद्यक संशोधन संस्थेत मार्शल यांनी उंदरांच्या एका नव्या रोगाची नोंद केली. उंदरांचे पाय सुजत, काळे पडत आणि जे जगत त्यांचे पाय कधी कधी गळून पडत. अवयवहानीच्या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्यास ‘एक्ट्रोमेलिया’ हे नाव मिळाले. पाय गळालेला उंदीर कोणासही ओळखता येई. खरा पेच होता तो वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या उंदराचा.

हा पेच सुटण्यास 1946 च्या सुमारास मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत प्रारंभ झाला. देवीच्या लसीतील विषाणू कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या करतो. रोग होऊन गेलेल्या उंदराचे सीरम त्यात मिसळले, की सीरममधील प्रतिपिंडांमुळे गुठळ्या होत नाहीत. या मार्गाने बर्नेट यांनी दोन्ही विषाणू एकाच कुळातले असल्याचे दाखविले. उंदराच्या अंगावर खूण नसली तरी त्याच्या रक्तातून रोगाची साक्ष काढता येऊ लागली.

त्यांचे सहकारी फ्रँक फेनर यांनी या रोगास ‘माउसपॉक्स’ म्हटले आणि त्याचा दिवसागणिक माग काढला. तळपायाच्या त्वचेतून शिरलेला विषाणू लसीकाग्रंथींत, मग यकृतात व प्लीहेत वाढतो. अंगावर पुरळ उठते ते त्यानंतर. जवळजवळ आठवडाभर उंदीर निरोगीच भासतो. 1948 साली प्रसिद्ध झालेल्या या विवेचनाने माणसाच्या देवी-गोवरातील सुप्तकाळाचाही अर्थ लागला.

पुढे आणखी एक अडचण ध्यानी आली. काही वाणांचे उंदीर या रोगाने पटापट मरतात, तर ‘सी-57 ब्लॅक’ हा काळा वाण सहसा आजारी न दिसताच रोग पसरवू शकतो. उंदरांना लस टोचावी, तर लसीची प्रतिपिंडे आणि रोगाची प्रतिपिंडे यांत घोटाळा होई. म्हणून प्राणिगृहांत ‘पहारेकरी’ उंदीर ठेवण्याची पद्धत रूढ झाली. इतर पिंजऱ्यांतील वापरलेला भुसा त्यांच्या पिंजऱ्यात घालायचा आणि ठराविक मुदतीने त्यांचे रक्त तपासायचे. 1971 साली शोधलेल्या एलायझा चाचणीने हे काम अधिक सूक्ष्म झाले.

एवढी दक्षता का? रोग शिरला तर सबंध वसाहत नष्ट करावी लागते आणि वर्षानुवर्षांचे प्रयोग वाया जातात. त्याहून वाईट म्हणजे, रोग लक्षातच आला नाही तर विषाणूने केलेला परिणाम औषधाच्या नावावर जमा होऊ शकतो.

मे 1980 मध्ये जिनिव्हा येथे जागतिक आरोग्य परिषदेपुढे माणसाच्या देवीचे उच्चाटन झाल्याचे सांगण्याचा मान फेनर यांना मिळाला. योगायोग असा, की 1979-80 मध्येच अमेरिकेतील बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेसह अनेक प्रयोगशाळांत उंदरांची देवी उसळली होती. 1995 आणि 1999 साली ती तेथे पुन्हा आली, तीही उंदरांमार्फत नव्हे, तर विकत आणलेल्या उंदरांच्या सीरममधून. पहारा होता पिंजऱ्यांवर, आणि रोग आला बाटलीतून!

‘तपासणी केली, दोष आढळला नाही’ असा शेरा मी नोकरीत असंख्य फायलींवर लिहिला. कोठे व कशाने तपासले, हे त्यासोबत लिहिले नाही तर त्या शेऱ्याला फारसा अर्थ उरत नाही, हे मात्र मला या मुक्या प्राण्यांच्या इतिहासाने उशिरा शिकविले.