बिरड्याचा रोजा आणि वालाचे बी

आब महिन्याच्या नवमीला जगभरचे यहुदी यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा रोजा धरतात. आपल्या आज्यापणज्यांच्या तोंडी मात्र ‘तिशा बेआव’ हा शब्द नव्हता. त्या ‘बिरड्याचा रोजा’ म्हणत. हैम शमुवेल केहिमकर यांनी १८९७ साली लिहिलेला आणि १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेलेला आपल्या समाजाचा इतिहास ज्यांनी चाळला असेल, त्यांना नव्याचा सण, दारफाळणीचा सण या नावांच्या बरोबरीने बिरड्याचे नावही तेथे भेटले असेल. सणाला पदार्थाचे नाव पडणे नवे नाही. पण ज्या दिवशी अन्नच वर्ज्य, त्या दिवसाला एका कालवणाचे नाव पडावे, हे आम्हाला लहानपणी फार गमतीचे वाटे. संध्याकाळी रोजा सोडताना केळीच्या पानावर भात आणि वालाचे बिरडे वाढले की गंमत संपून भूक उरे.

मग वालच का? आमच्यातील काही जाणती मंडळी सांगत की यहुदी लोकांत दुखवट्याला मसूर खाण्याची रीत जुनी आहे. याकोबाने शिजवलेले मसुराचे कालवण हे अब्राहामाच्या मृत्यूच्या दुखवट्याचे होते, असे तलमुदात म्हटले आहे. कोकणात मसूर पिकत नाही, म्हणून आपल्या पूर्वजांनी वाल घेतला, असा हा तर्क. ऐकायला गोड आहे. पण त्याच ठिकाणी मसुराचे कारणही दिले आहे : मसुराला तोंड नसते, तसे शोक करणाऱ्यालाही तोंड नसते. आता वाचकहो, वालाचा दाणा हातात घेऊन पाहा. त्याच्या काठावर पांढरे, ठळक तोंड असते! तेव्हा हा तर्क आम्हाला तरी फारसा पटत नाही.

आमच्या मते खरे कारण शेतात आणि माळ्यावर सापडते. अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहे या बाजूला (१९८१ पर्यंत हा कुलाबा जिल्हा, पुढे रायगड) भाताची कापणी झाली की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. पाणी द्यावे लागत नाही. पौष-माघात कोवळ्या शेंगा येतात. भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात शेंगांची पोपटी लावतात, तिचा वास ज्याच्या नाकात बसला तो कुठेही गेला तरी विसरत नाही. पुढे वेल वाळले की मळणी होते, दाणे उन्हात खडखडीत वाळवून, राखेत घोळून मडक्यात भरले जातात. आबची नवमी येते ती ऐन पावसाळ्यात. होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, मासळी नाही, बाजारात भाजी नाही, आणि नवमीच्या आधीचे दिवस मांस वर्ज्य. घरात असते काय? मडक्यातले वाल. शेजारच्या हिंदू घरांतही श्रावणात बिरडे शिजतेच. आपण ते त्यांच्याकडून घेतले असे म्हणण्यात कमीपणा नाही. हिब्रू विसरलेल्या, ग्रंथ हरवलेल्या माणसांनी एका रोजाची आठवण घरच्या कडधान्याला बांधून ठेवली, आणि ती टिकली.

इस्राएलात आलो तेव्हा हीच गाठ सुटायची वेळ आली. आम्ही दिमोनाला आलो ते १९६० नंतर. बाजारात ‘पोल’ मिळे, पण ते मोठ्या दाण्याचे दुसरेच कडधान्य. त्याचे बिरडे आईने एकदा करून पाहिले. साल हातात आली आणि आत पीठ! आईने ट्रंकेतून आणलेली कडव्या वालाची पुरचुंडी तेवढी होती. निम्मे वाल त्या वर्षी रोजाला गेले. उरलेले घरामागच्या चार हात जमिनीत लावायचे ठरले.

आम्ही कोकणच्या हिशोबाने हेश्वान महिन्यात पेरले. थोडे उगवले, पण थंडीत पिवळे पडले आणि एका रात्रीच्या हिमाने काळे झाले. मूठभर बी आईने मागे ठेवले होते म्हणून बरे. पुढच्या वर्षी पेसाख झाल्यावर पेरले. वेल असे माजले की कुंपण दिसेना, पण फूल म्हणून नाही. तम्मूझ गेला, आब गेला, रोजाही बिरड्याविना झाला. शेजारची मोरोक्कोची बाई रोज विचारी, ‘हे नुसते पानांसाठी लावले का?’ शेवटी रागाने आम्ही निम्मे वेल उपटले. नव्याचा सण झाला आणि उरलेल्या वेलांवर जांभळे तुरे आले!

कारण पुढे कृषी खात्यात काम करणाऱ्या एका स्नेह्याने सांगितले. जुन्या जातीचा वाल दिवसाच्या लांबीवर चालतो. दिवस लहान झाल्याशिवाय तो फुलत नाही. कोकणात पेरणीच्या वेळी दिवस सुमारे ११ तासांचा असतो, म्हणून वेल लवकर फुलतो. इथे जूनमध्ये दिवस १४ तासांचा. मग वेलाचा काय दोष? तेव्हापासून आम्ही उन्हाळा अर्धा झाला की पेरतो, पाणी नळीने देतो आणि फुलांची वाट तिश्रीत पाहतो. अश्दोदच्या आमच्या नातलगांकडे, समुद्राच्या उबेत, शेंगा किस्लेवपर्यंत चालतात. दिमोनात हिमाच्या आत आटपावे लागते.

एक मौज सांगण्यासारखी आहे. शास्त्रज्ञांनी या वेलाला दिलेले ‘लबलब’ हे नाव अरबी आहे. इजिप्तच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिणाऱ्या प्रॉस्पेरो अल्पिनी या इटालियन वैद्याने १५९२ सालीच त्याचे वर्णन केले आहे. म्हणजे आपण पुरचुंडी बांधून आणला तो वेल शेजारच्या देशाला केव्हाचा ठाऊक होता.

बी धरण्याबद्दल दोन शब्द. वालाचे फूल बहुधा स्वतःच फळते, तरी मधमाश्या थोडी सरमिसळ करतात; म्हणून कडवे वाल आणि पावटा शेजारी लावू नयेत. सर्वांत आधी भरणाऱ्या वेलाच्या शेंगा खायला तोडू नयेत, वेलावरच वाळू द्याव्यात, आणि पहिला पाऊस येण्याआधी घरात घ्याव्यात. राखेची जागा आता फ्रीजरने घेतली आहे; वाळलेले बी काही दिवस त्यात ठेवले की भुंगा मरतो. खाण्याचे वाल मात्र भिजवून, मोड आणून, सोलून, नीट शिजवूनच खावेत. वाळल्या दाण्यात कडूपणाबरोबर थोडे विषही असते, आणि आईची ती सारी खटपट केवळ चवीसाठी नव्हती. गावाहून पुरचुंडीत बी आणण्याचे दिवसही गेले. परवान्याशिवाय बी आणणे आता कायद्याने मना आहे. तेव्हा जे इथे आहे तेच जपायचे.

यंदा आमच्याकडे दोन डबे भरले. एक रोजासाठी आहे. दुसऱ्यातले बी ज्या घराला हवे असेल त्यांनी अव महिन्याआधी मागावे, म्हणजे पेरणीला वेळ उरेल.