दारची सदाफुली

आमच्या बारामती-इंदापूरकडे सदाफुली अंगणोअंगणी इतकी रुळली आहे की, तिचे माहेर दूरचे मादागास्कर बेट आहे, हे सांगूनही कोणास पटत नाही!

१८७६ च्या दुष्काळात होरपळलेल्या या मुलखात १८८५ साली नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी आले, मागोमाग ऊस आला. पण जेथे पाण्याचा अतिरेक झाला, तेथे निचऱ्याअभावी जमिनी खारावल्या. सदाफुलीचेही तसेच. मी तिचे बी मुरमाड मातीत, भर उन्हात टाकतो आणि माती सुकल्यावरच पाणी घालतो. तहान ती सोसते. मुळाशी साचलेले पाणी मात्र तिला कुजवते.

कित्येक देशांत मधुमेहावर तिच्या पाल्याचा काढा घेत. त्याची पारख करताना कॅनडात नोबल व बिअर यांना निराळेच गवसले: तिच्या अर्काने रक्तातील पांढऱ्या पेशी घटत. त्यातून १९५८ साली व्हिन्ब्लास्टिन हाती आले, पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर हे दुसरे औषध आजही देतात.

पण वाचकहो, झाड विषारी आहे. घरी पाला चघळू नये. दिवाळीत फुले तेवढी देवाला वाहावीत. पाणी काय नि औषध काय, गुण मापातच!