लायटीनं गेलं असंल

जुलैचा शेवटचा आठवडा होता. पीक विमा भरायची मुदत संपत आली होती. दिंद्रुडच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत दादाचं ऑनलाइन फॉर्म भरायचं काम चालतं. तिथं सकाळपासून सात-बारा आणि पासबुकं हातात घेऊन माणसं बसलेली, आणि कॉम्प्युटर काही चालू होईना. बटण दाबलं तर पंख्याचा आवाज नाही, दिवा नाही, काहीच नाही.

"लायटीनं गेलं असंल," ओट्यावर बसलेल्या एका काकांनी निदान करून टाकलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे विहिरीवरची मोटार जळो, टीव्ही जावो, नाहीतर मोबाइलचा चार्जर, हे निदान तयारच असतं. बऱ्याचदा ते बरोबरही निघतं. या वेळी निघालं नाही. पण ते कळायला कॅबिनेटमधला पत्र्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, बाहेर काढून उघडावा लागला.

या डब्याचं काम सांगायला सोपं आहे. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज घ्यायची आणि मदरबोर्डला १२, ५ आणि ३.३ व्होल्ट द्यायचे. पूर्वी हे काम लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर करायचा. जुन्या रेडिओत किंवा अॅम्प्लिफायरमध्ये तो जड ठोकळा तुम्ही पाहिला असेल. तो वजनदार, कारण आपली वीज सेकंदाला फक्त ५० वेळा हेलकावे खाते. हेलकावा संथ असला की प्रत्येक खेपेला जास्त ऊर्जा वाहून न्यावी लागते, म्हणून लोखंड जास्त लागतं. मोटेसारखं हे. मोट सावकाश वर येणार, म्हणून ती मोठी हवी. रहाटगाडग्याला मात्र छोटी गाडगी चालतात, कारण ती एकामागून एक येत राहतात. एसएमपीएस म्हणजे रहाट. तो आधी आलेली वीज सरळ, म्हणजे डीसी, करून घेतो. मग ट्रान्झिस्टरनं तिचे सेकंदाला हजारो तुकडे पाडतो आणि ते एका काड्यापेटीएवढ्या फेराइट ट्रान्सफॉर्मरमधून पाठवतो.

कल्पना जुनी होती. सॅटेलाइट आणि लष्करी सामानात ती १९६० च्या दशकातच वापरात होती, पण महाग. अडचण ट्रान्झिस्टरची होती. तीनशे व्होल्टच्या पुढचा दाब सोसणारा आणि इतक्या वेगानं चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर स्वस्त व्हायला १९७० चं दशक उजाडावं लागलं. त्या सुमारास कॅलिफोर्नियात रॉबर्ट बॉशर्ट नावाच्या इंजिनिअरनं नोकरी सोडली आणि घरातल्या स्वयंपाकाच्या टेबलावर असे पॉवर सप्लाय बनवायला घेतले. त्याचा सगळा जोर एकाच गोष्टीवर होता: पार्ट कमी करायचे, म्हणजे किंमत लोखंडी ट्रान्सफॉर्मरच्या बरोबरीला येईल. १९७४ पर्यंत त्याचे सप्लाय प्रिंटरसाठी मोठ्या संख्येनं जाऊ लागले होते. १९७७ साली अॅपल टू आला. त्यात रॉड होल्टनं बनवलेला ३८ वॅटचा स्विचिंग सप्लाय होता. पुढे स्टीव्ह जॉब्जनं असा दावा केला की सगळ्या जगानं होल्टचंच डिझाइन चोरलं. वॉल्टर आयझॅक्सननं लिहिलेल्या चरित्रात तो आहे. होल्टचं काम उत्तमच होतं, पण हा दावा टिकत नाही. त्याच्या आधी बॉशर्टसारखे लोक होते, आणि नंतर आपल्या घरी आलेल्या बहुतेक पीसींमधली सर्किटं वेगळ्याच घडणीची होती. मला या सगळ्यात स्वयंपाकाचं टेबल जास्त आवडतं. या वस्तूच्या इतिहासात घरगुती दुरुस्तीच्या आधी घरगुती निर्मिती आहे.

आमचा डबा मी स्वयंपाकघरात नाही, माडीवर नेला. वहिनीनं आधीच बजावलं होतं, "भाऊजी, माझ्या ओट्यावर ते नका आणू."

डबा जुना, त्यामुळे मागच्या बाजूला तो लाल सरकता स्विच होता: ११५ आणि २३०. हा स्विच म्हणजे दोन जगांमधली खूण आहे. अमेरिकेत वीज आली ती एडिसनच्या काळात ११० व्होल्टच्या आसपास, आणि ती तशीच राहिली. युरोप २२० कडे गेला. आपण इंग्रजांच्या वळणानं २३० वर. एकच डबा सगळीकडे विकायचा म्हणून कारखान्यांनी युक्ती केली. स्विच २३० वर असताना आतले दोन मोठे कपॅसिटर एकामागे एक बसून साधारण ३२५ व्होल्ट डीसी वाटून घेतात, प्रत्येकाला एकशे साठच्या आसपास. ११५ वर तोच भाग दाब दुप्पट करणारं सर्किट होतो. म्हणजे आपल्याकडे कुणी पोरानं गंमत म्हणून स्विच ११५ वर सरकवला, तर २०० व्होल्टच्या कपॅसिटरवर सव्वातीनशे पडतात. पुढचा आवाज ज्यांनी ऐकलाय ते विसरत नाहीत. आमचा स्विच २३० वरच होता, वर चिकटपट्टीही लावलेली.

आता लायटीकडे येतो, कारण काकांचं निदान आभाळातून पडलेलं नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांना खोपोलीची वीज १९१५ साली मिळाली. आमच्या जिल्ह्यातल्या परळीच्या थर्मलचा पहिला ३० मेगावॅटचा संच सुरू झाला १९७१ मध्ये, छप्पन्न वर्षांनी. पुढे थर्मल वाढत गेलं, चिमण्या लांबून दिसू लागल्या. पण चिमणी दिसते म्हणून घरात दिवा लागतो असं नाही. वीज ग्रीडमध्ये जाते आणि ग्रीडमधून कुणाला किती मिळणार ते दुसरीकडे ठरतं. शिवाय थर्मलला कोळशाइतकंच पाणी लागतं. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले, २०१५ मध्ये पुन्हा तेच झालं.

दाभोळचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, नवी क्षमता फारशी आली नाही आणि राज्यात काही हजार मेगावॅटची तूट पडली. २००५ च्या जूनमध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण, महानिर्मिती, महापारेषण अशा कंपन्या झाल्या. त्याच वर्षांत भारनियमन हा शब्द लहान पोरांच्याही तोंडी बसला. फीडरचे गट पडले, ए पासून जीपर्यंत. गळती जास्त, वसुली कमी, तितका गट खालचा आणि अंधार जास्त. मराठवाड्यातले बरेच फीडर खालच्या गटांत होते. खेड्यात बारा-बारा तास लाईट नसायची. मोटारी चालू नयेत म्हणून काही वेळ सिंगल फेज दिली जायची. लोकांनी कंडेन्सर लावून त्यावरही मोटारी चालवल्या. मग बल्ब पिवळा पडायचा आणि पंख्याची पाती मोजता यायची.

आणि नेमक्या याच वर्षांत गावात कॉम्प्युटर आले. एमकेसीएल २००१ मध्ये स्थापन झाली, तिचा एमएस-सीआयटी कोर्स सरकारी नोकरीसाठी लागू लागला, आणि तालुक्याच्या गावांपासून मोठ्या खेड्यांपर्यंत सेंटरं निघाली. आमच्याकडे बॅचची वेळ विचारली तर उत्तर यायचं, "लाईट असंल तव्हा." पुढे २०११ मध्ये ग्रामपंचायतीत संग्राम केंद्रं आली, नंतर आपले सरकार सेवा केंद्रं. आमच्या भागातल्या एका पिढीचा कॉम्प्युटरशी पहिला संबंध भारनियमनाच्या वेळापत्रकातूनच आला.

इथे या डब्याचं कौतुक करायला हवं. बल्ब पिवळा पडायचा, पण कॉम्प्युटर चालू राहायचा. कारण आतली कंट्रोल चिप बाहेर निघणारे व्होल्ट सतत पाहत असते. आतला दाब उतरला की ती ट्रान्झिस्टरला थोडा जास्त वेळ चालू ठेवते. रहाट तोच, गाडगी जरा जास्त भरायची. कमी दाबानं एसएमपीएस सहसा मरत नाही.

तो मरतो लाईट येताना. रिकामे मोठे कपॅसिटर पहिल्या क्षणी अधाशासारखा करंट ओढतात. तो अडवायला एक बटणासारखा पार्ट असतो, थर्मिस्टर. थंड असताना तो अडवतो, गरम झाला की वाट सोडतो. बारा तासांनी लाईट आली तर तो थंडगार असतो, काही बिघडत नाही. पण लाईट गेली आणि दोन सेकंदांत परत आली, तर थर्मिस्टर अजून गरमच असतो आणि लोंढा सरळ आत घुसतो. म्हणून लांबलचक भारनियमनापेक्षा वाऱ्या-पावसातली लपाछपी जास्त वाईट. त्याहून वाईट म्हणजे डीपीवर न्यूट्रल तुटणं. मग घरात २३० च्या जागी साडेतीनशेच्या पुढेही व्होल्ट येऊ शकतात. त्यासाठी व्हॅरिस्टर नावाचा पार्ट असतो, तो स्वतः जळून फ्यूज उडवतो. असतो म्हणजे असायला हवा. स्वस्त डब्यांत बोर्डावर त्याची जागा छापलेली असते, आणि तिथं काही नसतं. फिल्टरच्या कॉइलच्या जागी तारेचा तुकडा टाकलेला असतो. बाहेर लेबल मात्र ४५० वॅट.

तर आमचा डबा. उघडायच्या आधी एक सांगतो आणि हे गमतीत घेऊ नका: पिन काढल्यावरही आत सव्वातीनशे व्होल्ट बसून राहू शकतात. मी पिन काढून बराच वेळ थांबलो, होल्डरला लावलेल्या बल्बच्या तारा मोठ्या कपॅसिटरच्या पायांना टेकवल्या आणि मीटरवर शून्य पाहूनच हात घातला. ज्याच्याकडे मीटर नाही किंवा ज्याला हे पाय ओळखता येत नाहीत, त्यानं झाकणाचे स्क्रू काढू नयेत.

आत धूळ, कोळिष्टकं आणि एक वाळलेली पाल. फ्यूज शाबूत होता. काकांचं निदान इथेच डगमगलं. लायटीनं गेलं असतं तर फ्यूज उडाला असता, पुढचे डायोड किंवा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाले असते. खात्रीसाठी सिरीज बोर्ड लावला. हे आपल्याकडच्या मेकॅनिकांचं खास हत्यार: डब्याच्या आधी वाटेत १०० वॅटचा पिवळा बल्ब जोडायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटतो आणि बाकी काही जळत नाही. यात एलईडी बल्ब चालत नाही, आणि २०१५ च्या उजाला योजनेनंतर गावात जुना बल्ब मागितला की दुकानदार आधी एलईडीच पुढे करतो. आमच्याकडे गोठ्यातला होता. तो एकदा लुकलुकला आणि विझला. म्हणजे पुढचा भाग ठीक.

मग जांभळी तार. मदरबोर्डला जाणाऱ्या जुडग्यात पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, काळी अर्थ. जांभळ्या तारेवर कॉम्प्युटर बंद असतानाही ५ व्होल्ट असावे लागतात. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स पद्धत आणली, त्यात हे आलं. त्याआधी बटण म्हणजे सरळ स्विचच होता. आता बटण फक्त मदरबोर्डला निरोप देतं, आणि तो निरोप ऐकायला कुणीतरी जागं लागतं. पाच टक्के इकडेतिकडे चालतं. आमच्या मीटरवर आले ३.१. जागं राहणाराच आजारी होता.

त्या भागातले दोन कपॅसिटर वरून फुगलेले दिसले, डोक्यावरची चीर उघडून तपकिरी खरवड आलेली. फुगलेले कपॅसिटर म्हटलं की जुने लोक एक साथ आठवतात. १९९९ नंतरच्या काही वर्षांत तैवानमधल्या कारखान्यांचे खराब रसायनाचे कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांत फुटले होते. चोरलेलं सूत्र अर्धवट होतं, अशी गोष्ट तेव्हा पसरली. पण आमचा डबा त्यानंतरचा, त्याला त्या साथीची गरज नव्हती. साधा कपॅसिटर १०५ अंशांवर २,००० तास टिकेल असं धरून बनवतात. दर १० अंश कमी झाले की आयुष्य साधारण दुप्पट. ७५ अंशांवर १६,००० तास. आता हा भाग पिन लावलेली असेपर्यंत चोवीस तास चालतो, वर्षाचे ८,७६० तास. बीडचा उन्हाळा, धुळीनं जाम झालेला पंखा. हिशेब तुम्हीच करा. भारनियमनाच्या दिवसांत याला रोज सक्तीची विश्रांती मिळायची. लाईट सुधारली आणि हा दमून गेला.

माजलगावहून त्याच मापाचे, १०५ अंशांचे कपॅसिटर आणले, चहा-भज्याच्या पैशांत. उलटसुलट बघून बसवले, कथलाचा डाग दिला. जांभळ्या तारेवर ५.०४. हिरवी आणि काळी तार यू-पिननं जोडली, पंखा फिरला. जुन्या स्वस्त डब्यांत हाच छोटा कपॅसिटर वाळला की व्होल्ट उतरण्याऐवजी चढतातही, आणि मदरबोर्ड घेऊन जातात. दादाला हे मी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

चारच्या सुमाराला रांग पुन्हा सरकू लागली. काकांचा नंबर सहाच्या पुढे आला. ओटीपी टाकून पावती निघायच्या बेतात असताना बाहेर वारं सुटलं आणि लाईट गेली. यूपीएसला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ ते दोन मोठे कपॅसिटर आपल्या साठ्यावर कॉम्प्युटर धरून ठेवतात. स्क्रीन हललाही नाही. यूपीएस टुंटुं करू लागला.

"बघ," काका म्हणाले, "मी सकाळीच म्हणलो व्हतो."