रीडबॅकची कुळकथा

मुंबई विमानतळापासून बंगळुरू विमानतळापर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती साताऱ्यावरून जाऊन मिरजेला जवळजवळ शिवत पुढे कर्नाटकात उतरते. कृष्णाकाठच्या उसाच्या फडावरून उंचावर जाणाऱ्या विमानाला नियंत्रकाने उंची बदलायला सांगितली, की वैमानिक नुसतं ‘बरं’ म्हणत नाही. मिळालेला आकडा तो आपल्या विमानाच्या नावासह परत म्हणून दाखवतो आणि नियंत्रक तो कान देऊन पडताळतो. या रिवाजाला रीडबॅक म्हणतात.

त्याचं मूळ विमानाहून जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत एकेरी लोहमार्गावरच्या गाड्यांना तारेने हुकूम जाऊ लागले. हुकूम चुकला तर समोरासमोर टक्कर ठरलेली. म्हणून तो घेणाऱ्याने तारेवरच परत पाठवून दाखवायचा, असा नियम झाला. आपल्या रेल्वेतही फाटक बंद केल्याचं कळवताना गेटमन स्टेशनमास्तरला खात्रीची खूण म्हणून ‘प्रायव्हेट नंबर’ नावाचा आकडा देतो. पुणे-मिरज मार्गावर आयुष्य काढलेल्या माणसांना त्याचं मोल सांगायला नको.

सुरुवातीच्या वैमानिकांना मात्र बोलायला कोणीच नव्हतं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा विमानात रेडिओ नव्हता. परदेशात रेडिओ त्याआधीच आला होता, आणि त्याच्याबरोबर खरखर, अनोळखी उच्चार आणि अर्धवट ऐकू येणारे आकडेही आले. त्यावर एकेक उपाय निघत गेला. १९२०च्या दशकात लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरचे रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी संकटाच्या हाकेसाठी ‘मेडे’ सुचवलं. १९५६मध्ये ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ ही अक्षरमाला जगभर लागू झाली. नऊचा उच्चार ‘नायनर’ ठरला, कारण खरखरीत ‘नाइन’ आणि ‘फाइव्ह’ सारखेच ऐकू येत.

तरीही २७ मार्च १९७७ उजाडला. कॅनरी बेटांवरच्या तेनेरिफे विमानतळावर दाट धुकं होतं. केएलएम या कंपनीच्या विमानाला उड्डाणानंतरच्या मार्गाची परवानगी मिळाली होती, उड्डाणाची नाही. सहवैमानिकाने मार्गाचा रीडबॅक बरोबर दिला आणि शेवटी ‘आता आम्ही टेक-ऑफला आहोत’ अशा अर्थाचं वाक्य जोडलं. विमान धावपट्टीच्या टोकाला थांबलं आहे, असं समजून नियंत्रक ‘ओके’ म्हणाला. थांबून राहण्याची त्याची पुढची सूचना आणि ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ हा पॅन ॲम कंपनीच्या दुसऱ्या विमानाचा इशारा एकाच क्षणी आले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’नंतर बहुतांश कर्कश शिट्टीच ऐकू आली. दोन जम्बो जेट धडकून ५८३ माणसं गेली. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, असा दंडक झाला. महत्त्वाच्या सूचनेला नुसत्या ‘ओके’ने उत्तर देणंही बंद झालं.

आपल्या देशाने अशा चुकीची किंमत १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीवर मोजली. दिल्लीहून निघालेल्या सौदी विमानाला १४,००० फुटांची आणि उतरणाऱ्या कझाक विमानाला १५,००० फुटांची मर्यादा होती. कझाक विमानात नियंत्रकाशी इंग्रजीत बोलण्याचं काम रेडिओ ऑपरेटरकडे होतं. ते विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली उतरलं आणि दोन्ही विमानं हवेत धडकून ३४९ जण मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीने असं खाली उतरणं हेच अपघाताचं कारण ठरवलं. मार्च २००८पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या वैमानिकांना आणि त्यांच्याशी बोलणाऱ्या नियंत्रकांना इंग्रजी संभाषणाची किमान चौथी पातळी गाठणं आवश्यक झालं.

या दोन्ही अपघातांतून एकच धडा मिळतो. परत म्हणणं हे निम्मं काम आहे. ते लक्ष देऊन ऐकणं आणि म्हटलं तसंच वागणं, हे उरलेलं निम्मं. डॉक्टरांनी फोनवर औषधाची मात्रा सांगितली, बँकेत खाते क्रमांक सांगितला, धरणातून किती पाणी सोडणार याचा निरोप गावात आला, तर तो आकडा परत म्हणून दाखवा. आणि कोणी तुम्हाला म्हणून दाखवला, तर कंटाळा न करता शेवटपर्यंत ऐका.